नंबरावरून गाव: मॉरिशसच्या मराठी घराण्यांच्या शोधाची पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या. तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असल्याचं कार्ड, मिळू शकेल, असं त्यांनी त्या भेटीत जाहीर केलं. आपला मूळ पुरुष कोण आणि तो कुठल्या गावचा, हे जाणून घ्यायची ओढ तिथल्या मराठी घरांत आधीपासून होतीच. आता कार्डासाठी वंश दाखवायचा, म्हणून त्या ओढीला कागदाची गरज लागली.

कागद आहेत, आणि ते विलक्षण आहेत. रत्नागिरी किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या भूमिहीन कुटुंबात आज खापरपणजोबांचं नाव सांगणारा चिटोराही मिळणं मुश्कील. पण त्याच घरातून तेव्हा कोणी जहाजावर चढलं असेल, तर त्याचं वय, उंची, अंगावरची खूण, बापाचं नाव आणि गाव हे सगळं मॉरिशसमध्ये लिहून ठेवलेलं असतं. गावानं ज्यांची नोंद ठेवली नाही, त्यांची नोंद गाव सोडल्यामुळे झाली.

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून त्याच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पहिल्या काही वर्षांत खाजगी दलालांनी इतकी फसवाफसवी केली, की ही वाहतूक बंद करावी लागली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण सरकारी देखरेखीखाली. देखरेख आली तशा वह्या आल्या. पोर्ट लुईच्या ज्या तळावर हे लोक उतरत, तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एकूण साधारण साडेचार लाख माणसं आली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून; मुंबई बंदरातून आलेले दहातला एकही भरणार नाहीत इतके थोडे. त्यांत कोकणपट्टी आणि देशावरची माणसं होती. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपयांच्या आसपास आणि वर शिधा.

उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळे, आणि तो आयुष्यभर चिकटे. लग्न झालं, मूल झालं, माणूस मेला, की दाखल्यात नावाबरोबर हा नंबरही लिहिला जाई. आज शोध घेणाऱ्याच्या हाती सर्वांत भरवशाचा धागा हाच. आडनावाच्या मागे जाणारा हमखास चुकतो, कारण जहाजाच्या वहीत आडनाव नसेच. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच. पुढच्या पिढीत नोंदणी कारकुनानं बापाचं नाव आडनावाच्या रकान्यात घातलं आणि महादू, रामजी, बाबाजी ही तिथं आडनावं झाली. कधी सख्ख्या भावांची आडनावंही वेगवेगळी झाली. मोरे, सावंत, जाधव शोधत बसलेल्या आपल्याकडच्या माणसाला म्हणूनच तिथं आपलं कोणी दिसत नाही.

यातली मला सर्वांत जास्त हलवून सोडणारी गोष्ट म्हणजे फोटो. १८६७ च्या मजूर कायद्यानं करार संपलेल्या प्रत्येक मजुराला स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगायला लावला. पास नसला की पोलीस भटका म्हणून पकडून नेत. हा जाच इतका वाढला, की १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यानं मजुरांच्या वतीनं अर्ज केला आणि पुढच्या वर्षी शाही आयोग चौकशीला आला. माणसांवर पहारा ठेवण्यासाठी काढलेले तेच फोटो आज पणतवंडं फ्रेम करून देवघराशेजारी लावतात. त्या काळात गावाकडच्या कुणब्याचा किंवा महाराचा फोटो काढायला कोण आलं होतं?

हे दप्तर आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. शोध उलट्या दिशेनं करावा लागतो: आपला दाखला, मग आईवडिलांचा, मग आजोबांचा, असं नंबर सापडेपर्यंत मागं जात राहायचं. नोंदी पाहण्यासाठी आपण त्या माणसाचे वंशज असल्याचं दाखवावं लागतं. या नोंदींत जातीचा रकानाही आहे, त्यामुळे ही काळजी मला रास्त वाटते.

खरी अडचण गावाच्या रकान्यात येते. नाव सांगणारा मालवणी किंवा घाटावरच्या बोलीत सांगणार, लिहिणारा इंग्रजी कानानं ऐकणार. शिवाय एकाच नावाची गावं तीन-तीन तालुक्यांत, आणि वाडीचं नाव गाव म्हणून सांगायची आपली सवय. इकडचे कागदही फारसे उपयोगी पडत नाहीत. २०२३ मध्ये शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं आणि मोडीतली दप्तरं लोकांच्या तोंडी झाली. पण ही माणसं जहाजावर चढली तेव्हा गावात जन्ममृत्यूची नीट नोंद होतच नव्हती. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या हेळव्यांच्या नोंदी आडनावावर आणि कुळावर चालतात, आणि नेमकं आडनावच तर तिकडे पोचलं नाही.

अशा वेळी समाजानं जपलेलं कामी येतं. मॉरिशसमधली मराठी माणसं आज घरात क्रिओल ही तिथली फ्रेंच वळणाची बोली बोलतात, तरी गणपतीत झाकरी नाचतात. हेन्रिएटा या गावी १८९६ पासून गणेशोत्सव होतो असं सांगतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. ही झाकरी म्हणजे रत्नागिरीकडची जाखडी. गोल धरून, ठेक्यावर पाय टाकत म्हटलेल्या त्या गाण्यांत जुने कोकणी शब्द उरले आहेत; कधी म्हणणाऱ्यालाही त्यांचा अर्थ सांगता येत नाही. वहीतलं गावाचं नाव वाचता येत नसलं, तरी घरात झाकरी असेल तर शोध घाटाखाली न्यावा. कुलदैवताचं नाव, सणाला होणारा एखादा पदार्थ, मुलाला झोपवताना म्हटलेली ओळ, हे सगळं त्या नंबरासोबत लिहून ठेवावं. आणि ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारावं, कारण तिच्याजवळचं दप्तर मोक्याला नाही.