गाडी घासून आणू नका : जुन्या जर्मन चावीच्या आगगाड्यांबद्दल

माळ्यावरच्या पेटीत आजोबांची खेळण्यातली आगगाडी सापडली की घरात पहिल्यांदा ती लख्ख केली जाते. चिंच, राख, भांड्यांची पावडर, जे हाताशी असेल ते. मग गाडी आमच्याकडे दुरुस्तीला येते आणि प्रश्न ठरलेला : "कुणाची, कधीची?" तोवर उत्तर मोरीतून वाहून गेलेलं असतं.

ह्या गाड्या कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या. आधी भाग सोल्डरने जोडून हाताने रंगवत. पुढे सपाट पत्र्यावरच रंगीत छपाई करून, तो कापून-वाकवून, पत्र्याच्या जिभा खाचांत अडकवून डबे होऊ लागले. छपाईचा थर फार पातळ. घासला की नक्षीबरोबर कारखान्याचा शिक्का जातो, आणि मुलामा खरवडला की गंज धरतो.

शिक्क्यावाचून नुसत्या रूपावर जाऊ नये. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या बिंग बंधूंनी बॅसेट-लोक ह्या इंग्रज व्यावसायिकासाठी ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या रंगातली इंजिनं बनवली. त्यामुळे 'इंग्लंडची' म्हणून आलेल्या इंजिनावर 'जीबीएन', म्हणजे गेब्र्युडर बिंग न्युरेंबर्ग, निघू शकतं. जॉर्ज कॅरेट ह्या फ्रेंच माणसाचा कारखानाही न्युरेंबर्गचाच. तो १९१७ मध्ये बंद पडला, म्हणजे त्याच्या शिक्क्याने काळही कळतो. नुसतं 'मेड इन जर्मनी' हे मात्र कारखान्याचं नाव नव्हे. १८८७च्या ब्रिटिश कायद्यानंतर ब्रिटनमध्ये येणाऱ्या जर्मन मालावर ती अक्षरं दिसू लागली.

वाकलेले रूळ भंगारात देऊ नका. गॉपिंगेनच्या मेर्क्लिन ह्या जर्मन कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांची रेल्वे मांडली, म्हणूनच आजही वेगवेगळ्या कारखान्यांचे डबे एका रुळावर धावतात. दोन रुळांमधलं अंतर मोजून आणा : सुमारे ४५ मिलिमीटर म्हणजे एक नंबर, ३२ म्हणजे शून्य नंबर. ह्या दोन्ही मापांचे रूळ आम्ही सरळ करून देतो.

आम्ही जुन्या गाडीला नवा रंग देत नाही. काही ग्राहक नाराज होतात, पण नवा रंग दिलेली गाडी जाणकार संग्राहक कमी किमतीला मागतो, आणि तो रंग काढताना खालचा मूळ रंगही निघतो. तपासणीची फी आधी घेतो. दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर ती बिलातून वजा होते.

आणण्यापूर्वी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स. चावी फिरवून पाहू नका. घट्ट झालेल्या ग्रीसमुळे दाते तुटतात. वाफेचं इंजिन असेल तर स्पिरिट पेटवू नका, बॉयलर आधी आम्ही तपासतो. खोका फाटका असला तरी सोबत आणा, त्यावरचं लेबल पुष्कळदा इंजिनापेक्षा जास्त सांगतं.