जीपचा रंग खरवडताना

जुनी जीप गॅरेजात आली की आधी बॉनेटवर हातभर जागेत ओला वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) फिरवून बघतात. परवा एका गाडीचा वरचा पांढरा रंग गेला, खाली आकाशी निघाला, मग लांबीचा (पुटीचा) करडा थर, मग तांबूस प्रायमर आणि पत्र्याला चिकटलेला फौजी हिरवा. कांदा आडवा चिरावा तशी वर्तुळं उमटली होती.

एवढे थर चढतात कसे? महिंद्र कंपनी १९४५ ची. स्वातंत्र्याच्या सुमारास तिने विलीज जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत गाड्या जोडायला घेतल्या. पुढे लष्कर, पोलीस, सरकारी खाती सगळीकडे याच जीपा. फौजेतून निवृत्त झालेली गाडी लिलावात निघते, पण घेणाऱ्याला तिचा हिरवा रंग ठेवता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तो रंग फक्त संरक्षण खात्याला देतो. मग नवा मालक काय करणार? खरवडायला मजुरी पडते, म्हणून वरूनच हात मारायचा. पुढच्यानेही तेच केलं.

हे थर उतरवण्याच्या पद्धतींनाही इतिहास आहे, आणि तो फारसा निरोगी नाही. तेलाचे रंग कॉस्टिक सोड्याने निघत, कारण सोडा तेलाचा चक्क साबण करतो. १९२३ साली अमेरिकेत ड्यूको आला. तोवर गाडी रंगवायला आठवडे लागत, हा रंग काही तासांत वाळू लागला. (आपले सुतार फर्निचरच्या फिनिशला अजून ‘ड्यूको’ म्हणतात, ते नाव तिथलंच.) पुढे मिथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर आला. लावला की रंग फुगून सुटतो, खरवडायच्या पत्रीने सहज निघतो. पण बंद खोलीत त्याची वाफ जीव घेते, म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये किरकोळ ग्राहकांना तो विकणं थांबवलं.

वाळूच्या माऱ्याचं, म्हणजे सँडब्लास्टिंगचं, पेटंट टिल्घमन या अमेरिकन संशोधकाने १८७० मध्ये घेतलं. काम झपाट्याने होतं, पण वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ब्लास्टिंगमधली वाळू बंद केली. शिवाय मारा जोरात झाला तर पातळ पत्रा पोळीसारखा फुगतो, तो पुन्हा सपाट करणं महाकठीण. मी तरी बॉडीवर ब्लास्टिंग करायला सांगणार नाही. चॅसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, ठीक आहे.

शिशाकडेही बघायला हवं. गंजाला अडवणारा जुना लाल प्रायमर पुष्कळदा शिशाचा असे. आपला शेंदूरही तेच संयुग. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) करणारे नियम आपल्याकडे २०१६ चे. गाडीवरचे असे जुने थर कोरडे घासले तर शिसंच नाकात जाऊ शकतं. वॉटर पेपर ओला ठेवतात तो केवळ गुळगुळीतपणासाठी नव्हे.

त्या जीपचा मालक बॉडी ब्लास्टिंगला धाडायच्या बेतात होता. बंपरचा रंग उतरवताना पांढऱ्या रंगातला उभा बाण दिसला, त्यापुढे पुसट आकडे. फौजेच्या नंबरात बाणापुढचे दोन आकडे खरेदीचं साल सांगतात. त्याने ब्लास्टिंगवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मूळ रंग सापडला खरा, पण लावायची सोय नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला तेवढा हिरवा तुकडा तो तसाच ठेवणार आहे.