पानेत्तोनेशेजारची गोड आस्ती : या जोडीची पार्श्वभूमी

इटलीत नाताळच्या जेवणानंतर पानेत्तोने हा फुगीर, गोड केक कापला जातो, तेव्हा टेबलावर बहुतेकदा आस्तीची गोड, फसफसती वाइन असते. ही जोडी कुणीतरी चव घेऊन ठरवली असेल असं वाटतं. पण ती जमण्याआधी पिएमोंतेच्या लोकांना वाइनचं आंबणं थांबवण्यासाठी जवळपास 300 वर्षं झगडावं लागलं.

पिएमोंते म्हणजे इटलीचा वायव्य कोपरा. तिथे आस्ती, कुनेओ आणि अलेस्सांद्रिया या जिल्ह्यांतल्या टेकड्यांवर मॉस्कातो बियांको हे पांढरं द्राक्ष पिकतं. रस आंबायला लागला की यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि वायू होतो. यीस्टला अडवलं नाही तर साखर संपते आणि वाइन कोरडी होते. इतर द्राक्षांना ते चालतं. मॉस्कातोचा मात्र सुगंध उतरतो आणि जिभेवर कडवटपणा राहतो. गोडवा टिकवणं ही नुसती हौस नव्हती, त्या द्राक्षाची गरजच होती.

तेव्हा पिएमोंतेवर राज्य करणाऱ्या सव्हॉयच्या ड्यूकचा जवाहिऱ्या जोव्हान बात्तिस्ता क्रोचे याचे तिथल्याच तुरीन शहराजवळ स्वतःचे मळे होते. सुवासिक, गोड आणि सौम्य वाइन कशी करावी, हे त्याने 1606 साली लिहून ठेवलं. पुढे कित्येक पिढ्या रस जाड कापडी पिशव्यांतून पुन्हा पुन्हा गाळत राहिल्या. यीस्ट जितकं काढता येईल तितकं काढायचं आणि बाकी भिस्त थंडीवर. वसंतात ऊब आली की उरलंसुरलं यीस्ट जागं व्हायचं, बाटलीत वायू साठायचा आणि बाटल्या फुटायच्या.

कार्लो गांचा फ्रान्समध्ये रँसला जाऊन शँपेनची रीत, म्हणजे वाइन बाटलीतच पुन्हा आंबवून फसफसवणं, शिकून आला आणि 1865 च्या सुमारास कानेल्ली गावात त्याने ती मॉस्कातोवर वापरली. गावाखाली कोरलेल्या लांबलचक तळघरांत बाटल्या रचल्या गेल्या. ही तळघरं आज युनेस्कोच्या जागतिक वारशाचा भाग आहेत. पण खरी सुटका केली फेदेरिको मार्तिनोत्तीने. आस्तीच्या वाइन-संशोधन केंद्राच्या या संचालकाने 1895 मध्ये बाटलीऐवजी बंद, दाब सहन करणाऱ्या टाकीत वाइन फसफसवण्याची पद्धत शोधली. फ्रान्सच्या यूजेन शार्माने 1907 मध्ये तिच्यात सुधारणा केली आणि जगभर नाव त्याचंच झालं. मार्तिनोत्तीवर हा अन्यायच आहे.

आजही रस शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवतात आणि लागेल तसा टाकीत आंबवतात. हवी तेवढी साखर उरली की एकदम गार करून गाळतात. आस्ती स्पुमांते या फसफसत्या प्रकारात भरपूर फेस आणि साधारण 7 ते 9 टक्के अल्कोहोल असतं. मॉस्कातो द'आस्ती त्याहून शांत, बुडबुडे मोजके आणि अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपास. गोडवा वरून घातलेला नसतो, तो द्राक्षाचाच असतो.

चव घेताना हे सगळं कळतं. पेला नाकाशी नेला की आधी ताजी द्राक्षंच येतात, मग पीच, संत्र्याची फुलं, किंचित सेज या सुगंधी वनस्पतीचा पाला. हा वास टिकाऊ नाही, त्यामुळे बाटली जपून ठेवण्यात अर्थ नसतो. 6 ते 8 अंशांवर, पसरट पेल्यात, ताजी असतानाच प्यावी.

पानेत्तोनेशी तिचं जमतं ते त्यातल्या संत्र्याच्या पाकवलेल्या सालीमुळे आणि लोण्यामुळे. साल त्या फुलांच्या वासाला साथ देते, बुडबुडे लोण्याचा तुपकटपणा धुऊन काढतात. पिएमोंतेतल्याच लांगेच्या टेकड्यांवरचा हेझलनटचा केक तर मला याहूनही सरस वाटतो. तो फार गोड नसतो आणि भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा वाइनच्या हलकेपणावर उठून दिसतो. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन आंबट आणि पाणचट लागते. पिएमोंतेत ती पाव आणि सलामी या खारवलेल्या मांसाबरोबरही पितात. खारटाशी गोड, ही जोडी बाहेरच्यांनी उगाच दुर्लक्षिली आहे.

1993 मध्ये आस्तीला इटलीत वाइनला दिला जाणारा सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, मिळाला. 2017 पासून त्याच नावाखाली कोरडी आस्तीही विकता येते. जेवणाच्या सुरुवातीला ती खुशाल घ्यावी. पण केकसमोर कोरडी वाइन ठेवण्याची जी फॅशन आली आहे, तिच्यात केकही बिघडतो आणि वाइनही.