मासे वर आलेत: ऑक्सिजन कमी की तापमानाचा झटका?

मासे पाण्यावर तोंड काढताना दिसले की ग्वाल्हेरच्या आसपासचा मत्स्यपालक आधी बोअर चालू करतो. ‘पानी डाल दो’ हा इथला रामबाण. पण मासे अस्वस्थ होण्याची दोन निराळी कारणं असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याचं कारण होऊ शकतो.

ऑक्सिजन कमी पडतो तो बहुधा पहाटे. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री स्वतःच वापरतं. गरम पाण्यात तो मुळात मावतोही कमी: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. अशा वेळी तळंभर मासे वर येतात, मोठे आधी मरतात, आणि ऊन चढलं की उरलेले खाली जातात. पंगास जातीच्या माशावरून मात्र अंदाज बांधू नका. तो हवेतूनही श्वास घेतो, एरवीही वर येऊन घोट घेऊन जातो.

तापमानाच्या झटक्याला वेळकाळ नाही. पाणी बदललं किंवा बीज, म्हणजे माशांची विकत आणलेली पिल्लं, सोडलं की थोड्याच वेळात मासे आडवे पोहू लागतात, गिरक्या घेतात, तळाशी कलंडतात. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आधी जाते. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. पाणी अचानक बदललं की कल्ल्यांचं काम बिघडतं, अंगातले क्षार बाहेर झिरपतात. तीच घसरण आठवड्याभरात झाली तर रोहू-कटला निभावून नेतात, फक्त खाणं सोडतात. झटक्यातून वाचलेल्यांवर काही दिवसांनी पांढरे ठिपके नाहीतर कापसासारखी बुरशी दिसते, आणि शिव्या खातो बीजवाला.

आता बोअरकडे येऊ. खोल बोअरचं पाणी इथे वर्षभर पंचविशीच्या आसपास असतं. जानेवारीच्या पहाटे ते तळ्यापेक्षा कितीतरी गरम, मे महिन्याच्या दुपारी बरंच गार. शिवाय जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन बहुतेक वेळा नावालाच असतो. उंचावरून, फवारत पडू दिलं तरच उपयोग. एक एकर, पाच फूट खोल तळ्यात साठेक लाख लिटर पाणी असतं, तिथे तासाभराच्या बोअरने तापमान जेमतेम हलतं. पण अंगणातल्या दहा हजार लिटरच्या बायोफ्लॉक (जिवाणूंच्या मदतीने दाटीने मासे वाढवायच्या) टाकीत तेवढंच पाणी म्हणजे सगळं पाणी बदलल्यासारखं. टाकीवाल्यांनी बोअरऐवजी एअर पंपाच्या बॅकअपवर पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीज सोडताना पिशवी न उघडता १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्यावी, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यावं. पाच अंशांहून जास्त फरक असेल तर आणखी सावकाश.

सगळ्यात फसवा तो जूनचा पहिला जोरदार पाऊस. वरचं तापलेलं पाणी गार होऊन खाली बसतं, तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. दोष पावसाच्या गारव्यावर येतो, मरतात मात्र गुदमरून. त्या दिवशी खाद्य बंद ठेवून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालवा, बोअरला हात लावू नका.