घरी राहून नोकरी करणाऱ्या तरुण ग्राहकांसाठी : शिल्लक पगाराचे नियोजन

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात नोकरीला लागलेल्या ज्या ग्राहकांना घरभाडे नाही, जेवण घरचे आहे आणि लग्नाला अजून अवकाश आहे, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. निम्मा पगार शिल्लक पडण्याचे हे दिवस फार वर्षे टिकत नाहीत. म्हणून पैसे कुठे गुंतवावेत, याआधी ते केव्हा लागणार आहेत हे ठरवावे, असा आमचा आग्रह असतो.

समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करून हातात २४,००० रुपये येतात. घरी ८,००० दिले, पेट्रोल, मोबाइल आणि किरकोळ खर्चाला ४,००० गेले, की १२,००० उरतात. पहिले सहा महिने यातून दुसरे काहीही न करता ७२,००० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, बँकेत बाजूला ठेवावा.

येथे ‘बँकेत’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. आपल्याकडे अशी रक्कम पतसंस्थेत ठेवण्याची रीत आहे, कारण व्याज थोडे जास्त मिळते, संचालक ओळखीचे असतात आणि पिग्मी गोळा करणारा दारात येतो. परंतु बँकेतील, सहकारी बँकेतीलसुद्धा, ठेवींना व्याजासह प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. मुदत संपलेल्या पावत्या घेऊन वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. भिशीला आमचा विरोध नाही. फ्रिज घेण्यासाठी ती उत्तम, मात्र तिला गुंतवणूक म्हणू नये.

त्यानंतर उरणाऱ्या रकमेपैकी काही भाग सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, टाकता येतो. सध्याच्या ७.१ टक्के दराने दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ६०,००० रुपये भरल्यास १५ वर्षांत भरलेल्या ९ लाखांचे सुमारे १६ लाख २७ हजार होतात. दर सरकार बदलू शकते. या खात्यात महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. पगार ७ तारखेला होत असेल, तर घाईने ८ तारखेला भरण्यात काहीच लाभ नाही. पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ती रक्कम बचत खात्यातच राहू द्यावी.

किमान सात-आठ वर्षे हात लावायचा नाही, असे पैसेच इक्विटी म्युच्युअल फंडाच्या, म्हणजे शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या फंडाच्या, एसआयपीत (दरमहा ठरावीक रक्कम भरण्याच्या योजनेत) घालावेत. बाजार पडला की तेथील रक्कम भरलेल्या पैशांपेक्षाही कमी दिसू शकते. आमच्यामार्फत घेतलेल्या रेग्युलर योजनेत आम्हाला फंड कंपनीकडून कमिशन मिळते. थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्ट योजनेत ते नसल्याने तिचा खर्च कमी असतो. ज्यांना स्वतः कागदपत्रे सांभाळणे जमते, त्यांनी ती अवश्य घ्यावी.

नोकरी बदलताना पीएफ, म्हणजे पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी, काढून न घेता नव्या कंपनीकडे वर्ग करावा. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते, आणि असे हाती आलेले पैसे मोटारसायकलीत जातात, हा आमचा अनुभव आहे.

भेटीस येताना पॅन कार्ड, आधार कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि गेल्या तीन महिन्यांचे बँक विवरणपत्र आणावे. वारसदार म्हणून कोणाचे नाव लावायचे, हे घरी विचारून यावे. तो रकाना कोरा ठेवून आम्ही अर्ज पुढे पाठवत नाही.