मळ्याच्या गल्ल्या वाकड्या का?

पणजीच्या चर्च चौकातून १८ जून रस्त्याकडे चाललात, तर रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत जातात. आल्तिनोच्या टेकडीला वळसा घालून मळ्यात, म्हणजे फोंताईन्हासला शिरलात की दोनच वळणांत दिशा चुकते. ‘जुनी वस्ती, वाढली कशीतरी’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. इथल्या गल्ल्या पाण्याच्या हिशेबाने पडल्या आहेत.

आल्तिनो जांभ्या दगडाचा. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी त्यात भराभर मुरतं. खालच्या चिकणमातीवर अडलं की आडवं सरकतं आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. फोंत फेनिक्सचा झरा तिथलाच. पूर्वेला रुआ दे ओरेंची खाडी, तिच्यात भरतीचं खारं पाणी चढतं. मधली चिंचोळी दलदल भरून अठराव्या शतकाच्या अखेरीस अंतोनियो जुआंव द सिकेराने माडांची बाग केली. पैसा मोझांबिकात कमावलेला, म्हणून लोक त्याला मोसमीकर म्हणत.

रोगांच्या साथींनी जुनं गोवें, म्हणजे पोर्तुगीजांची तेव्हाची राजधानी, ओस पडत गेलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. सपाट भागात भराव टाकून सरळ रस्ते आखता आले. मळ्यात तेवढी जागाच नव्हती. म्हणून लांब गल्ल्या टेकडीच्या पायथ्याला धरून, जवळजवळ एकाच पातळीवर वळत गेल्या. आडव्या गल्ल्या आखूड आणि खाडीकडे उतरत्या राहिल्या. पाऊस लागला की पाणी याच आडव्या गल्ल्यांनी खाली धावतं.

घरंही तशीच. शेजाऱ्याला चिकटलेली भिंत, दार थेट गल्लीत, पण जोतं दोन-तीन पायऱ्या वर. जांभ्याची भिंत ओल पिते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग असेल तर ती ओल पुन्हा हवेत निघून जाते. पावसाळा सरला की नवा हात मारायची इथली रीत नुसत्या नटण्यासाठी नव्हती. आता वर प्लास्टिक पेंट बसतो, ओल आतच कोंडते आणि पोपडे धरतात. पर्यटक त्या पोपड्यांचेही फोटो काढतात!

टेकडीवर बांधकामं आणि काँक्रीट वाढलं तसं मुरायचं पाणी थेट खाली येऊ लागलं. त्यात मोठी भरती असली तर खाडी ते आत घेत नाही, आणि ओहोटी लागेपर्यंत मळा तुंबतो.