गवताचा शेंडा खुडून ते दाट होत नाही

आमच्या सोसायटीच्या बागेत शोभेसाठी लावलेल्या वाळ्याच्या ठोंबांची टोके नुकतीच मेंदीच्या कुंपणासारखी गोल कातरण्यात आली. तुळशीचा शेंडा खुडला की ती डेरेदार होते हा घरोघरीचा अनुभव असल्याने, कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. गवताची घडण मात्र अगदी वेगळी आहे.

तुळशीची विभाजी ऊती (नव्या पेशी तयार करणारी ऊती) फांदीच्या टोकाशी असते आणि तेथून उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या कळ्यांना दडपून ठेवते; शेंडा गेला की त्या कळ्या फुटतात. वाळ्याच्या फुटव्याचा वाढणारा कोंब मात्र फुलोरा धरेपर्यंत जमिनीलगत, पानांच्या आवरणांत दडलेला असतो आणि पातेसुद्धा बुडाकडूनच वाढते. नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या पात्यावर पक्क्या शाईने एकेक सेंटिमीटरवर रेघा ओढून आठवड्याने पाहावे. सगळ्या रेघा वर सरकलेल्या दिसतात, पण त्यांच्यातील अंतर तेवढेच राहते. पेशींचे विभाजन पात्याच्या तळाशी होते, किंचित वर त्या पाणी शोषून लांबतात आणि आवरणातून उजेडात येईपर्यंत त्यांची लांबी कायमची ठरलेली असते. टोक हा पात्याचा सर्वांत जुना भाग असल्यामुळे ते कापल्यावर पुन्हा येत नाही. कापलेली कड फक्त तपकिरी पडून वाळते.

चरणाऱ्या जनावराच्या तोंडी टोक गेले तरी वाढीची जागा शाबूत राहते, हे या रचनेचे मोठे बळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवतातील सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे गवत खाल्ले जाण्याचा इतिहास किमान ६.५ कोटी वर्षांचा आहे.

रोपांवर हल्ली ‘चोवीस तास ऑक्सिजन’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. रात्री वाळाही श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतो. त्याचे खरे मोल सरळ खाली ३ मीटरपर्यंत जाऊन माती धरून ठेवणाऱ्या मुळांत आहे.

छाटणी करायचीच तर पावसाळ्याच्या तोंडावर सगळा ठोंब जमिनीपासून वीतभर ठेवून एकसारखा कापावा. नवे फुटवे कडेने येत असल्याने काही वर्षांनी मधला भाग वाळत जातो. तेव्हा ठोंब खणून, दोन-तीन फुटव्यांचा मुळांसह एकेक तुकडा वेगळा करून उन्हाच्या जागी लावावा.